ऐकू येत नाही, मग दुकानात फोन कसा लावायचा?

दादाच्या हातात मोबाइल दिसला की कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन विचारतंच, ‘त्याला ऐकू येत नाही ना? मग फोनचं काय करतो तो?’ दादा तिथेच उभा असतो. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, त्याला खरंच माहीत नसतं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं.

दादा जन्मापासून कर्णबधिर आहे. भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतो, राहायला चिंचवडला. वहिनीलाही ऐकू येत नाही. त्यांच्या मुलीला, सईला, येतं. (‘मूकबधिर’ हा शब्द शाळांच्या आणि संस्थांच्या पाट्यांवर अजून आहे, पण दादाच्या मित्रमंडळींना त्यातलं ‘मूक’ खटकतं. त्यांना भाषा आहे, ती हातांची आहे एवढंच.) संसार म्हटला की इन्व्हर्टर आला, गाडीचं सर्व्हिसिंग आलं, दाताच्या डॉक्टरची वेळ आली, शाळेचे व्हॅनवाले काका आले. या प्रत्येकाच्या पाटीवर ‘संपर्क’ असं लिहून पुढे दहा आकडे असतात. २०११ च्या जनगणनेत ऐकू न येण्याचं अपंगत्व नोंदवलेले लोक ५० लाखांहून जास्त होते. त्या सगळ्यांना या दहा आकड्यांचं काहीतरी करावं लागतं.

आमच्या घरी त्याचं उत्तर मी होते. सहकारनगरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं आणि त्याच्या फळीवर रुपयाच्या नाण्यावर चालणारा फोन. दादा नाणी हातात धरून उभा राहायचा, खुणांनी सांगायचा आणि मी बोलायचे. मी तेरा वर्षांची असताना तो आयटीआय करून बाहेर पडला होता. एका वर्कशॉपच्या मालकांनी फोनवर पगाराची अपेक्षा विचारली. दादाने तीनची खूण केली, तीन हजार. मला वाटलं, एवढे मागितले तर ते नाहीच म्हणतील. मी म्हणाले, ‘अडीच चालतील.’ त्याला नोकरी मिळाली, घरात पेढे वाटले आणि पुढची दोन वर्षं तो अडीच हजारांवर राबला. हे मी त्याला सांगितलं तेव्हा माझं लग्न झालेलं होतं.

कर्णबधिर माणसाच्या फोनचा सगळा प्रश्न त्या एका फोनमध्ये आहे. मध्ये कुणीतरी ऐकू येणारं लागतं, हे खरं. पण त्या मधल्या माणसाने बोलणाऱ्याचं बोलणं बदललं, गाळलं किंवा स्वतःच निर्णय घेतला, तर तो फोन त्याचा राहत नाही. जगभर यासाठी ज्या व्यवस्था उभ्या राहिल्या, त्यांचे सगळे नियम याच भोवती फिरतात.

त्याआधी एक शंका दूर करते, कारण ती हमखास येते. ‘कानाला मशीन लावलंय की, मग फोनवर का बोलत नाही?’ श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण चष्म्याने नजर साफ होते तसं ऐकणं साफ होतंच असं नाही. त्यात साध्या फोनची तार आवाजाचा मधलाच पट्टा पलीकडे पोचवते, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ. स, श, फ यांसारख्या अक्षरांची ओळख पटवणारी बरीचशी सळसळ त्याच्या वर असते, ती तिथेच कापली जाते. आपण मात्र सवयीने रिकाम्या जागा भरून घेतो. ज्याला मुळातच तुटक ऐकू येतं त्याच्या हातात फारच थोडं उरतं. शिवाय समोरासमोर तो ओठ आणि चेहरा वाचत असतो, आणि फोनवर चेहरा नसतो. काहींना यंत्र लावून फोनवर छान बोलता येतं. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना येत नाही, आणि त्यात प्रयत्नांची कसूर नसते.

आता गोष्ट सुरुवातीपासून. १९६४ साली अमेरिकेत रॉबर्ट वाइटब्रेक्ट नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एक जोडणी तयार केली. तो स्वतः कर्णबधिर होता. तारखात्यात आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत तेव्हा टेलिप्रिंटर असत, कपाटाएवढे अवजड आणि खडखड करणारे. फोनचा रिसीव्हर रबराच्या दोन वाट्यांत ठेवायचा आणि टेलिप्रिंटरवर टाइप करायचं. अक्षरांचे सूर होऊन ते फोनच्या तारेतून जातात आणि पलीकडच्या यंत्रावर पुन्हा अक्षरं उमटतात. जेम्स मार्स्टर्स हा दातांचा डॉक्टर आणि अँड्र्यू सॅक्स हे त्याचे साथीदार, तेही कर्णबधिरच. ज्यांना फोन हवा होता त्यांनीच तो करून घेतला, आणि तोही मोडीत निघालेल्या यंत्रांतून. या यंत्राला पुढे टीटीवाय म्हणू लागले. एका वेळी एकानेच टाइप करायचं, आपलं संपलं की ‘जीए’ लिहायचं, म्हणजे ‘बोला आता’. फोन ठेवायचा असला की ‘एसके’.

पण हे यंत्र मित्राकडे असेल, दुकानदाराकडे कुठून असणार? पिझ्झा मागवायचा तर दुकानात टीटीवाय नाही. तिथून रिले सेवा आली. मध्ये एक ऑपरेटर बसतो. कर्णबधिर माणूस त्याला टाइप करून पाठवतो, ऑपरेटर ते दुकानदाराला मोठ्याने वाचून दाखवतो आणि दुकानदाराचं बोलणं टाइप करून परत पाठवतो. सुरुवातीला हे ओळखीपाळखीवर आणि स्वयंसेवकांवर चालायचं. १९९० च्या अमेरिकन अपंगत्व कायद्याने ती फोन कंपन्यांची जबाबदारी केली आणि १९९३ पासून देशभर सेवा सुरू झाली. आज तिथे ७११ दाबलं की रिले लागतो. खर्च फोन कंपन्यांकडून गोळा होणाऱ्या निधीतून भागतो, फोन करणाऱ्याला वेगळे पैसे पडत नाहीत. ब्रिटनमध्ये नंबराच्या आधी १८००१ लावायचं. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेत रिलेवरून आलेला फोन इतर गिऱ्हाइकांच्या फोनसारखाच घ्यायचा, असं व्यावसायिकांवर बंधन आहे.

आपल्याकडे टीटीवाय घरोघरी पोचलंच नाही. दादाची पिढी खुणांवरून थेट एसएमएसवर आली. त्याच्या पहिल्या मोबाइलची बटणं झिजून पांढरी झाली होती. २०११ मध्ये जाहिरातींचा मारा रोखायला एका सिमवरून दिवसाला शंभर एसएमएसची मर्यादा घातली गेली, तेव्हा आमच्या घरात गंभीर चर्चा झाली होती, कारण दोन कर्णबधिर मित्रांचं अर्ध्या तासाचं बोलणं शंभरात संपत नाही. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये अफवांमुळे ईशान्येकडची मुलं बेंगळुरू आणि पुणे सोडून निघाली आणि सरकारने काही दिवसांसाठी एसएमएस पाचांवर आणले, मग वीसवर. बाकीचे लोक फोन करत होते. दादाकडे दिवसाला पाच वाक्यं होती.

२०१६ ने सगळं पालटलं. सप्टेंबरमध्ये जिओचं ४जी आलं, नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला. पीएमपीच्या बसमध्ये, कंपनीच्या गेटवर, फोन उभा धरून एका हाताने खुणा करणारी माणसं दिसू लागली. दादाने त्या वर्षी मित्रांशी जितकं बोलून घेतलं तितकं आधीच्या दहा वर्षांत बोलला नसेल. पण हे आपसातलं बोलणं. गॅरेजवाल्याला खुणा येत नाहीत. तो प्रश्न होता तिथेच राहिला.

तो सोडवते व्हिडिओ रिले. दादा व्हिडिओ कॉल करतो दुभाष्याला. दुभाष्याच्या समोर पडद्यावर दादा आणि कानाला हेडफोन. तो गॅरेजला साधा फोन लावतो. दादा खुणा करतो, दुभाषी बोलतो. गॅरेजवाला बोलतो, दुभाषी खुणा करतो. ऐकायला सोपं, करायला भलतंच अवघड. कारण भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी बोललेली मराठी नव्हे. तिचं व्याकरण वेगळं आहे. दादाच्या खुणांचा क्रम असा असतो: इन्व्हर्टर, बंद, दोन दिवस, तुम्ही येणार, कधी. ‘कधी’, ‘किती’, ‘कुठे’ हे शब्द शेवटी येतात. हो-नाहीचा प्रश्न असेल तर भुवया वर जातात, हात तेच राहतात. रागावलाय की विनंती करतोय हे चेहऱ्यावर असतं. दुभाष्याने त्याचं ‘दोन दिवस झाले इन्व्हर्टर बंद आहे, तुम्ही कधी येऊ शकाल?’ असं मराठी करायचं, आणि तेवढ्यात पलीकडून आलेलं उत्तरही धरून ठेवायचं.

या दुभाष्याचे काही दंडक असतात, आणि मला ते माहीत असते तर तीन हजारांचे अडीच झाले नसते. पहिला, तो ‘मी’ म्हणतो. ‘हे विचारताहेत की...’ असं म्हणत नाही. दादाच्या वतीने बोलताना तो दादा असतो. दुसरा, जे ऐकू आलं ते सगळं पोचवायचं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, गॅरेजवाला पोरावर ओरडला, कंटाळून सुस्कारा टाकला, तर तेही. आपल्याला फोनवर समोरच्याची घाई कळते, ती दादालाही कळायला हवी. तिसरा, सल्ला द्यायचा नाही, सावरून घ्यायचं नाही. दादा जास्त पैसे द्यायला निघाला तरी गप्प राहायचं. आणि चौथा, फोन संपला की विसरून जायचं.

दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने, म्हणजे आयएसएलआरटीसीने, २०२३ मध्ये व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवरून अशी सेवा सुरू केली. ही संस्था २०१५ ची. सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोशही तिनेच केला. काही खासगी कंपन्याही हे काम करतात. आमच्या अनुभवात अडचण येते ती दुभाष्यांच्या संख्येची आणि भाषेची. प्रशिक्षित दुभाषी देशभरात थोडे आहेत, आणि मिळालेला दुभाषी बहुधा हिंदीत बोलतो. चिंचवडच्या इलेक्ट्रिशियनला हिंदी कळतं, पण धनकवडीच्या एका आजीबाईंकडून डबा लावायचा होता तेव्हा त्या ‘कोण बोलतंय, कुठून बोलतंय’ यापलीकडे गेल्याच नाहीत. मराठी दुभाषी वाढायला हवेत, आणि त्यांना नीट पगार मिळायला हवा. नुसत्या सेवाभावावर हे काम टिकत नाही.

फोन तुटतो तो मात्र बहुतेकदा पहिल्या दहा सेकंदांत. ‘नमस्कार, मी दुभाषी बोलतोय, माझ्यासोबत एक कर्णबधिर ग्राहक आहेत...’ एवढं ऐकेपर्यंत समोरच्याला वाटतं, कर्ज विकायला आलेत किंवा फसवायला. फोन कट. आजकाल फसवणूक इतकी झालीय की मी त्यांना पूर्ण दोषही देत नाही. पण एका दुपारी एकाच दवाखान्याने चार वेळा फोन ठेवलेला मी पाहिलाय, आणि दादाच्या दातातून पू येत होता.

बँकांचं आणखी निराळं. वहिनीचं कार्ड रिक्षात राहिलं. कार्ड बंद करायला फोन लावला, दुभाषी पुरुष होता. पलीकडची बाई म्हणाली, ‘खातं बाईंचं आहे आणि बोलताय तुम्ही. ग्राहकालाच द्या फोन.’ दुभाष्याने तीनदा सांगितलं की ग्राहक समोर आहेत, त्यांना ऐकू येत नाही. ‘मग त्यांनी एकदा फक्त हो म्हणावं.’ वहिनी सगळं बघत होती. शेवटी कार्ड बंद झालं ते तिने दुसऱ्या दिवशी रजा टाकून शाखेत जाऊन. त्या बाईंना नियम पाळायचा होता हे मला समजतं. पण ओळख पटवायची म्हणजे आवाजच ऐकायचा, हे कुणी ठरवलं? एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ते प्रकरण ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांचं आणि अंध व्यक्तींचं होतं. केवायसीच्या कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवता येत नाहीत म्हणून अडणारा माणूस आणि आवाज देता येत नाही म्हणून अडणारी वहिनी, मला तरी यात फरक दिसत नाही.

रिलेवर पिन किंवा ओटीपी सांगायची वेळ आली की दादा फोनच संपवतो, आणि बरोबर करतो. दुभाषी कितीही सचोटीचा असला तरी तो तिसरा माणूस आहे. पैशाच्या कामाला लेखी चॅट हवं.

आपोआप अक्षरं उमटवणाऱ्या ॲपबद्दल लोक मला उत्साहाने सांगतात. गुगलला बोललेली मराठी २०१७ पासून लिहिता येते, आणि २०१९ मध्ये लाइव्ह ट्रान्स्क्राइब आलं. फोन स्पीकरवर टाकायचा, शेजारी दुसरा मोबाइल ठेवायचा, त्याच्यावर अक्षरं येतात. याचा सगळ्यात जास्त फायदा माझ्या सासऱ्यांना झाला. त्यांचं ऐकणं साठीनंतर गेलं, बोलणं शाबूत आहे, मराठी वाचायला लख्ख येतं. ते स्वतः बोलतात आणि उत्तर वाचतात. तरी घोटाळे होतात. आपण एका वाक्यात मराठी, हिंदी, इंग्रजी कालवतो आणि वेळ सांगतो ‘पावणेपाच’, ‘सव्वाचार’. एकदा सव्वाचारचे नुसते चार झाले आणि सासरे कुलूपबंद दारासमोर उभे राहिले.

दादाला याचा तितका उपयोग नाही, आणि याचं कारण फार थोड्यांना माहीत असतं. ज्याने भाषा कधी ऐकलीच नाही त्याच्यासाठी लिहिलेली मराठी ही परकी भाषा असते, तुम्हाआम्हाला नुसत्या पुस्तकातून शिकलेली जपानी असावी तशी. दादाचा मेसेज असा येतो: ‘गाडी ब्रेक आवाज खूप. उद्या मी येणे. पैसे किती.’ विभक्ती गळतात, क्रियापद डुगडुगतं. दुकानदाराला वाटतं, माणूस अडाणी आहे, आणि तो तसंच उत्तर देतो किंवा देतच नाही. हाच माणूस मायक्रॉनमध्ये मोजून जॉब काढतो. त्याच्या मेसेजला लहान, साध्या वाक्यांत उत्तर द्या. आकडे आकड्यांत लिहा. जमलं तर फोटो पाठवा.

धंदा करणाऱ्यांना मला दोन-तीनच गोष्टी सांगायच्या आहेत. पाटीवर नंबराखाली ‘व्हॉट्सॲप चालेल’ एवढं लिहा, आणि लिहिलंत तर मेसेज बघत जा. ‘दुभाषी बोलतोय’ ऐकलं तर अर्धा मिनिट थांबा. मध्ये शांतता पडते कारण तेव्हा हात बोलत असतात, फोन तुटलेला नसतो. आणि ‘त्यांना विचारा की...’ म्हणू नका. ‘तुम्हाला कधी यायला जमेल?’ असं सरळ विचारा. तुमचं गिऱ्हाईक दादा आहे, दुभाषी नाही. डिलिव्हरीच्या मुलांना तर ‘फोन नको, मेसेज करा’ अशी सूचना दिसली की ती पाळायला शिकवायलाच हवं. दादाच्या फोनवर न उचललेल्या कॉलची रांग असते आणि पार्सल ‘ग्राहक उपलब्ध नाही’ म्हणून परत गेलेलं असतं.

कायद्याचंही सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच सांकेतिक भाषा आहे. तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते, आणि ते कार्यालय आपल्या पुण्यातच आहे. मात्र अमेरिकेसारखी प्रत्येक फोन कंपनीवर रिलेची सक्ती आपल्याकडे नाही. जीव धोक्यात असेल तर ११२ वर एसएमएस करता येतो, ‘११२ इंडिया’ ॲपमध्ये मदतीचं बटण आहे. ते घरातल्या कर्णबधिर माणसाच्या फोनमध्ये आजच टाकून द्या. ब्रिटनमध्ये जून २०२२ पासून ९९९ ला सांकेतिक भाषेत व्हिडिओ कॉल करता येतो. आपल्याकडे घरात आग लागली तर ती कुठल्या खोलीत आहे हे दादा कुणाला सांगणार?

सई आता अकरा वर्षांची आहे, बोलण्यात चुणचुणीत. नातेवाईक सहज म्हणतात, ‘सईला लावायला सांग की फोन.’ दादा तिला लावू देत नाही. तीन हजारांची गोष्ट त्याने मनात ठेवलीय असं नाही, त्याने मला केव्हाच माफ केलं. पण घराचे हप्ते, वहिनीच्या तपासण्या, पगाराची बोलणी अकरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून जाऊ नयेत, हे त्याने ठरवलंय.

गेल्या जूनमध्ये त्यांचा इन्व्हर्टर बंद पडला. दादाने रिले लावला, दुसऱ्या प्रयत्नात दुभाषी मिळाला. दुकानदार थांबला, ऐकून घेतलं, बॅटरीचं पाणी तपासलं का म्हणून विचारलं. दादाने किंमत विचारली, जास्त वाटली, दोनशे कमी करायला लावले. मला हे कळलं ते मी त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा. इन्व्हर्टर सुरू होऊन चार दिवस झाले होते.